पाय धुण्याचा मान

आमच्या मंडळीत भांडण झालं ते पाय कोणी धुवायचे यावरून. जळगावच्या शाळेत मधल्या सुट्टीत मी हे सांगितलं तेव्हा सोबतच्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, पाय धुवायला कोणी तयार नसेल. मी म्हटलं, उलट आहे बाई, दोघं तयार आहेत आणि एकही मागे हटत नाही. मग मात्र त्यांनी डबा बंद केला आणि नीट सांगा म्हणाल्या. नीट सांगेपर्यंत घंटा झाली, आणि तेव्हा तर शेवट व्हायचाही होता.

धुळ्याला पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, आमचं लहानसं प्रार्थनामंदिर आहे. मंडळी म्हणजे तिथे जमणारी आमची ख्रिस्ती घरं. नर्सा, कारकून, शिक्षक, दोन-चार रिक्षावाले, सातपुड्याखालच्या गावांतून येऊन इथेच राहिलेले काही जण. मंडळीला पाळक असतात, पण त्यांच्या बदल्या होतात. वडील मात्र मंडळीतलेच. 'वडील' हा आमच्याकडे मान आहे. चार-पाच जबाबदार माणसं मंडळीचा कारभार पाहतात, त्यांना वडील म्हणतात, आणि त्यांतला एक मुख्य असतो. गेली कित्येक वर्षं ते मुख्य वडील म्हणजे माझे वडील. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि हळूहळू सगळी मंडळीच आबा म्हणायला लागली.

आता ते पाय धुण्याचं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी, प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण आम्ही करतो. समोर बारा खुर्च्या मांडतात. बारा पुरुष त्यांवर बसतात आणि एक जण गुडघे टेकून त्यांचे पाय धुतो, पंचाने पुसतो. इतर ठिकाणी हे पाळक करतात. आमच्याकडे एके वर्षी जुन्या पाळकसाहेबांची पाठ धरली. त्यांनी प्रार्थना करून घंगाळ आबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, यंदा तुम्ही करा. ते 'यंदा' वीसेक वर्षं चाललं. ते पाळक गेले, त्यांच्यानंतरचेही आले आणि गेले. घंगाळ मात्र आमच्या घरी आबांच्या पलंगाखाली राहिलं. तांब्याचं, जड, दोन कड्यांचं. आई दरवर्षी चिंच लावून ते लखलखीत करायची.

बारा जण कोण, हे आबा ठरवायचे. त्या गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना सुटली की ज्याला त्याला बाजूला घेऊन कानात सांगायचे. ज्याच्या कानात सांगितलं त्याची मान त्या दिवशी थोडी ताठ असायची. मग बुधवारी घरोघरी टाचा घासण्याचा कार्यक्रम. बायका वजरी घेऊन नवऱ्यांच्या पायांशी बसायच्या, लिंबू चोळायच्या, नखं काढून द्यायच्या, कारण मंडळीसमोर घाणेरडा पाय निघाला तर घराची लाज जायची. गुरुवारी खुर्चीवर येणारे पाय इतके स्वच्छ असत की घंगाळातलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहायचं. ज्याचं नाव आलं नाही त्याच्याकडे आठवडाभर तोंडं पाडून जेवणं व्हायची. नम्रता शिकवणाऱ्या त्या विधीसाठी लोक वशिला लावायचे. एकाने तर आईकडे केळीचा अख्खा घड पाठवून दिला होता. बायकांना खुर्चीवर बसवायचा प्रश्नच नव्हता. शिष्य पुरुष होते, एवढं उत्तर पुरायचं.

आबांबद्दल मी वाकडं लिहीन असं कोणी समजू नये. ते सरकारी बसवर ड्रायव्हर होते. रात्रीची ड्युटी करून आले तरी रविवारी सकाळी मंदिराचं दार तेच उघडायचे. मंडळीत कोणी आजारी पडलं की दवाखान्यात पहिले आबा. कोणी गेलं की कबर खणायला कुदळ घेऊन पहिले आबा. परगावाहून नव्याने आलेल्या कुटुंबाला खोली बघून देणं, पोरांना शाळेत घालणं, सगळं त्यांनी केलं. पण जो सगळं करतो त्याला सगळं विचारावंही लागतं. कोणतं गीत म्हणायचं, कोणाचं लग्न कोणत्या तारखेला, नाताळात जेवायला काय, हे आबांना विचारल्याशिवाय ठरायचं नाही. उपदेश लांबला की आबा घड्याळाकडे बघायचे आणि पाळकसाहेब 'शेवटी एकच सांगतो' वर यायचे. कोणी कुरकुर केली तर आबांचं उत्तर ठरलेलं होतं: बसला स्टेअरिंग एकच असतं. आणि बस बरी चालली होती, त्यामुळे कोणी फारसं बोलत नसे.

बोलले ते वरणगावचे भाऊ. तिथल्या कारखान्यात त्यांचा सगळा जन्म गेला. बायको वारल्यावर आणि निवृत्त झाल्यावर ते देवपुरात मुलाकडे राहायला आले. माणूस सरळ, पण सरळपणाचाही जाच होऊ शकतो. हे आल्यापासून मंदिरातल्या सतरंज्यांच्या कडा एका रेषेत यायला लागल्या. उशिरा येणाऱ्याकडे ते काही न बोलता नुसते बघायचे, आणि ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. त्यांची पहिली वर्षं आबांनीच सांभाळली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून जानेवारीतल्या वार्षिक सभेत ते उभे राहून म्हणाले की वडिलांची निवड ठरावीक मुदतीने नव्याने व्हावी, मुख्य वडिलांचीही, तेव्हा सगळे वळून आधी आबांकडे बघायला लागले. आबा हसत म्हणाले, माझी गाडी अजून डेपोत लागली नाही. लोक हसले. भाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, कारखान्यात पाळी संपली की चार्ज द्यायचा असतो, कारण पुढची पाळी गेटवर उभी असते.

पाळकसाहेब नवे आणि तरुण होते. त्यांना वाटलं, चिठ्ठ्या टाकल्या की विषय मिटेल. चिठ्ठ्या टाकल्या, आणि थोडक्या मतांनी आबा हरले. मुख्य वडील वरणगावचे भाऊ झाले.

आबांनी दुसऱ्या दिवशी मंदिराच्या किल्ल्या पाठवून दिल्या. पलंगाखालचं घंगाळ दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की कारभार सभेने दिला होता, तो सभेने घेतला. घंगाळ सभेने दिलं नव्हतं. ते एका देवाच्या सेवकाने प्रार्थना करून हातात ठेवलं होतं, आणि चिठ्ठ्यांनी ते परत जात नाही. नव्या कमिटीचं, म्हणजे भाऊ आणि नव्या वडिलांचं म्हणणं, पाय धुणं हे मुख्य वडिलांचं काम, मुख्य वडील बदलले म्हणजे धुणारा बदलला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी आमच्या घरात दर आठवड्याला बघत होते. आबा पोळी खाताना मध्येच थांबायचे आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचे, पाय धुण्यालाही आता निवडणूक.

बिचाऱ्या पाळकसाहेबांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. ते आमच्याकडे येऊन चहा प्यायचे आणि भाऊंकडे जाऊन चहा प्यायचे, आणि दोन्हीकडे 'प्रार्थना करू या' म्हणायचे. इकडे फोनवरच्या मंडळीच्या ग्रुपचे दोन ग्रुप झाले. एकात आबांचा नाताळातला हार घातलेला फोटो, दुसऱ्यात कमिटीचे निर्णय. एका ग्रुपवर कोणी बायबलचं वचन टाकलं की ते आपल्यालाच टोचायला टाकलंय, असं दुसऱ्या ग्रुपवर ठरायचं.

मी अर्थातच आबांच्या बाजूची. स्वभाव मला त्यांचाच मिळालाय; राग आला की माझ्या हातातली भांडी आपोआप वाजतात. फेब्रुवारी-मार्चात दर शनिवारी मी जळगावहून बसने धुळ्याला यायची, आणि यजमान मला स्टँडवर सोडताना सांगायचे की जरा सबुरीने घे. सबुरी पारोळ्यापर्यंत टिकायची.

रविवारी संध्याकाळी आबांची माणसं आमच्या ओट्यावर जमायची. सुरुवातीला नुसती विचारपूस असायची. मग एक दिवस त्यांतल्या एकाने बोलून दाखवलं की आबा, तुम्ही म्हणाल तर आपण वेगळी उपासना सुरू करू. तुमचा हॉल मोठा आहे. गुरुवारी जर घंगाळ तुमच्या हातून काढून घेतलं, तर पुनरुत्थानाच्या रविवारपासूनच, ईस्टरपासून. बाकीच्यांनी माना हलवल्या. आबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण माणसं गेल्यावर ते हॉलच्या दारात उभे राहिले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघत राहिले. मला कळलं, ते मनात सतरंज्या घालून बघताहेत.

हे सगळं आईला किती जड जात होतं ते मला तेव्हाही दिसत होतं. आई चोपड्याकडची. लग्न करून या मंडळीत आली तेव्हा तिला इथलं एक गीतही येत नव्हतं. पुढे दर शुक्रवारी बायकांची प्रार्थना असते तिथे ती जायला लागली. तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या, तिथे ती गायला शिकली, आम्हा भावंडांची आजारपणं, माझ्या भावाचं जाणं, सगळं तिने त्या बायकांच्या मांडीला मांडी लावून काढलं. मंडळी फुटली असती तर आबांना हॉलभर माणसं मिळाली असती. आईचा शुक्रवार गेला असता, कारण तिच्या जवळच्या बायका बहुतेक सगळ्या पलीकडच्या बाजूला होत्या. ती आबांना एकदाच म्हणाली, तुमनी उपासना घरमा व्हई, मंग मी शुक्रवारले कोठे जाऊ? आबा म्हणाले, घरमाच भरी ना तुमनंबी.

मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं की चिठ्ठी तू कोणाला टाकली होतीस. ती कळण्याची भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "गुप्त व्हती ना ती?"

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी वरणगावच्या भाऊंच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, उगाच साळसूदपणा कशाला. काय काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं: माझ्या बापाने तुम्हाला स्कूटरवर बसवून मंदिरात नेलं, तुमचं घर लावून दिलं, त्याची ही फेड का. भाऊंनी आमच्या मंडळीच्या रीतीने सलाम केला, बसा म्हणाले, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. समोरचा भांडत नसला की भांडणाऱ्याची फार पंचाईत होते.

मग ते म्हणाले, "ताई, गेल्या वर्षी गुरुवारी तुम्ही नव्हता. निम्मे पाय धुऊन झाले आणि आबांना उठता येईना. गुडघे धरले होते. ते तसेच गुडघ्यांवर सरकत पुढच्या खुर्चीपाशी गेले, तिथून पुढच्या. आम्ही बारा जण पाय सोडून बसलो होतो आणि बघत होतो. मी त्या बारांत होतो. एकाच्याही तोंडून निघालं नाही की आबा, पुरे."

मी म्हटलं, मग तसं त्यांना नंतर सांगायचं होतं. भाऊंनी सांगितलं होतं, दोन वेळा. आबा म्हणाले होते, तुझी सुपरवायझरी इथे नको. भाऊ म्हणाले, ज्या माणसाला पुरे म्हणायची कोणाची छाती होत नाही, तो माणूस फार एकटा पडतो. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कपबशीकडे बघत होते. आणि थोड्या वेळाने, मी विचारलेलं नसताना, म्हणाले की खोटं कशाला बोलू, मलाही हवंय ते. एकदा तरी ते घंगाळ आपल्या हातात यावं असं वाटतं. बायको होती तेव्हा ती म्हणायची, तुम्ही नुसत्या ऑर्डरी सोडता.

मी चहा पिऊन परत आले. राग होताच, पण आता तो नेमका कोणावर काढायचा ते समजेना. घरी येऊन मी आबांच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं. ते म्हणाले, आज काय एकदम. मी म्हटलं, काही नाही.

झावळ्यांच्या रविवारी नव्या कमिटीने बारा नावं फळ्यावर लिहिली. त्याच दिवशी आबांनी फाटकापाशी उभं राहून आपल्या बारांच्या कानात सांगितलं. काही नावं दोन्हीकडे होती. त्या घरांत बुधवारी टाचा घासल्या गेल्या की नाहीत, मला माहीत नाही.

गुरुवारी ऊन कलल्यावरही देवपूर तव्यासारखं तापलेलं होतं. आबांनी पांढरा सदरा घातला, खांद्यावर पंचा टाकला. मी घंगाळ मांडीवर घेऊन रिक्षात बसले, शेजारी आई, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला आबा. मंदिरात पोचलो तर भाऊ समोर उभे, हातात बाजारातून आणलेला निळा प्लॅस्टिकचा टब, खांद्यावर कोरा पंचा. आबा चालत गेले आणि त्यांच्याशेजारी घंगाळ ठेवून उभे राहिले. मंदिर पूर्ण भरलेलं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मध्ये बारा खुर्च्या.

पाळकसाहेबांनी वचन वाचलं. प्रार्थना केली. प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली, कारण ती संपल्यावर काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी आमेन म्हणावंच लागलं. ते म्हणाले, ज्यांना बोलावलंय त्यांनी पुढे येऊन बसावं.

कोणी उठलं नाही. कमिटीने निवडलेल्यांना आबांच्या तोंडावर भाऊंपुढे पाय करायचा धीर होईना. आबांनी निवडलेल्यांना नव्या कमिटीचा वाईटपणा नको होता. आणि ज्यांची नावं दोन्हीकडे होती ते तर सतरंजीकडे असे बघत बसले की जणू तिच्यावर काही लिहिलंय. मी पुरुषांची रांग बघितली. सगळ्यांनी पाय आत ओढून घेतले होते. धुणारे दोन, धुवून घेणारा एकही नाही. वीस वर्षं आम्ही धुणाऱ्याचं मोठेपण बघत आलो. कोणीतरी आपला पाय द्यावा लागतो आणि नाही दिला तर धुणाऱ्याचं काही चालत नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आबांचा चेहरा बघवेना. खरं सांगायचं तर भाऊंचाही बघवेना. दोघं म्हातारे पाण्याची भांडी घेऊन उभे होते आणि वर पंखा फिरत होता.

बायकांच्या बाजूने आई उठली. मला वाटलं, बाहेर निघाली. मी तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला. ती मधून चालत गेली, पहिल्या खुर्चीवर बसली, चपला पायानेच बाजूला सारल्या आणि लुगडं घोट्यावर घेतलं. त्या खुर्चीवर बाई बसलेली आमच्या मंडळीत कोणी पाहिली नव्हती. आबा दबक्या आवाजात म्हणाले, काय करतेस. आई दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "मना दोन पाय शेतस. येक येक ल्या."

कोणीतरी फिसकन हसलं. भाऊंची सूनच ती. मग सगळ्या बायका हसल्या, आणि त्या हसण्यात दोन्ही बाजूंच्या होत्या. भाऊंनी टब खाली ठेवला आणि गुडघे टेकले. आबांना एकट्याने खाली बसता येत नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे आधार शोधला, तर जवळ होता तो भाऊंचा खांदा. तो धरून ते खाली बसले.

भाऊंच्या वाट्याला उजवा पाय आला, आबांच्या डावा. भाऊ कारखान्यातला पार्ट धुवावा तसे काळजीने धूत होते. आबांनी सराईतपणे तळवा हातात घेतला, पाणी घातलं, आणि त्यांचा हात थांबला. आईची त्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर पूर्ण चढलेली आहे. आम्हा पोरांना ती पाठ होती, लहानपणी आम्ही ती ओढून सरळ करायचा खेळ खेळायचो. आबांनी अंगठ्याने ती हळूच दाबून पाहिली. त्यांना वाटलं असावं, पडली-बिडली असेल, लागलं असेल आणि आपल्याला सांगितलं नसेल. त्यांनी विचारलं, हे कधी झालं?

"जन्मनी शे," आई म्हणाली.

पुढच्या रांगेतल्यांनी ते ऐकलं. या खेपेला कोणी हसलं नाही. आई काही टोमणा मारत नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं. आबा तो पाय हातात धरून तसेच बसून राहिले. भाऊंचं धुऊन, पुसून झालं, तरी आबांचं होईना. शेवटी त्यांनी आपल्या सदऱ्याच्या टोकानेच तो पाय पुसला, पंचा खांद्यावर असताना.

उठायची वेळ आली तेव्हा भाऊंनी काखेत हात घालून त्यांना उठवलं. जवळची रिकामी खुर्ची म्हणजे बारांतली दुसरी. आबा तिच्यावर टेकले, दम घेतला. भाऊ त्यांच्यापुढे उभे होते, आता काय करावं हे न कळून. आबांनी घंगाळ त्यांच्याकडे सरकवलं आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. त्यांना वाकवेना, तेव्हा नाड्या भाऊंनी सोडल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा आबांना कोणापुढे पाय करताना पाहिलं. ते फार अवघडून बसले होते. धुणं त्यांना किती सोपं जात होतं आणि हे किती कठीण जात होतं ते दिसत होतं, आणि मला रडू आलं. आलं म्हणजे चांगलं हुंदके देऊन आलं. शेजारच्या बाईंनी आपला रुमाल दिला.

मग खुर्च्या भरल्या. पुरुष उठले, बायकाही उठल्या, आणि बारा झाल्यावर पुन्हा बारा बसले. शाळेतून दमून आलेल्या शिक्षिका, दिवसभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या नर्सा, यांतलं कोणीही घरून टाचा घासून आलेलं नव्हतं. घंगाळातलं पाणी पहिल्यांदाच गढूळ झालं आणि दोनदा बदलावं लागलं. बदलायला मी गेले.

एवढ्याने सगळं मिटलं असं मात्र नव्हतं. रविवारी पुनरुत्थानाची उपासना झाली, 'प्रभू उठला आहे' म्हणत लोकांनी गळाभेटी घेतल्या, आणि संध्याकाळी आबांची माणसं नेहमीप्रमाणे ओट्यावर जमली. त्यांच्या मते गुरुवारी आबांचा अपमान झाला होता. घरच्या बाईला पुढे करून पलीकडच्यांनी डाव साधला, असंही एक जण म्हणाला. हॉल तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा, पुढचा रविवार इथेच. मी दारात उभी होते. महिनाभर मीही याच शब्दाची वाट बघितली होती, आणि आता तो निघू नये असं मला वाटत होतं. आत आई पातेल्यात चहा उकळवत होती, आणि तिच्या बांगड्या अजिबात वाजत नव्हत्या. म्हणजे तीही ऐकत होती.

मंडळीत ते नेहमी उपदेशाची शुद्ध मराठी बोलायचे. घरची भाषा ते फक्त आईशी बोलायचे. त्या संध्याकाळी त्या सगळ्यांसमोर ते घरच्या भाषेत बोलले.

"पन्नास वरीस ती मना संगे चाली राहिनी," ते म्हणाले. "तिना पाय कसा शे, ते माले माहीत नव्हतं. तुमले मी कोठे लई जाऊ?"

आई चहा घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांना देत गेली.